घटस्फोट: पेश्या करायच्या की मध्यस्थापुढे बसायचं?

नागपुरात कुणाचं लग्न मोडायला आलं की दोन सल्ले हमखास मिळतात. "तगडा वकील कर अन् ठोक केस" हा एक. "कोर्टाच्या भानगडीत पडू नका, आपसात मिटवा" हा दुसरा. सल्ला देणारा मामा असो, ऑफिसातला मित्र असो की सोसायटीतले काका, दोन्हीकडे एक गोष्ट धरून चाललेली असते, ती म्हणजे कोर्ट आणि मध्यस्थी हे दोन वेगळे रस्ते आहेत आणि एकाला लागलं की दुसरा बंद होतो.

तसं नाही. घटस्फोट देतं ते कोर्टच. मध्यस्थाला तो अधिकारच नाही. त्याच्यापुढे ठरतात त्या अटी: पैसे किती, मूल कुणाकडे, घर कुणाचं, दाखल झालेल्या केसेसचं काय. त्या अटी न्यायाधीशापुढे जातात, न्यायाधीश दोघांना विचारून खात्री करून घेतात आणि हुकूमनामा काढतात, तेव्हा लग्न कायद्याने संपतं. म्हणजे कोर्टाची पायरी कुणालाच चुकत नाही. चुकवता येतात त्या मधल्या वर्षांच्या पेश्या.

माझं म्हणणं एवढंच की "कोर्ट की मध्यस्थी" हा प्रश्न अख्ख्या घटस्फोटाला मिळून एकदाच विचारू नये. एका घटस्फोटात चार-सहा वेगवेगळी भांडणं असतात. त्यातल्या एखाद्याला न्यायाधीशाचा आदेशच लागतो, एखादं टेबलाशी बसूनच सुटतं. कुठलं कशात बसतं हे ओळखता आलं, तर पैसा आणि आयुष्य दोन्ही वाचतं.

पुढे जाण्याआधी एक जुना गैरसमज. विदर्भात आजही स्टॅम्प पेपरवर "फारकत" लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून लोक मोकळे होतात. त्याने लग्न मोडत नाही. एखाद्या जातीत रूढीने काडीमोड चालत आली असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २९ ती रूढी मानतं, पण ती रूढी खरोखर चालू आहे हे कोर्टात सिद्ध करून दाखवावं लागतं आणि ते सोपं नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलेली माणसं पुढे पोटगीत, पेन्शनमध्ये, मुलांच्या वारसाहक्कात अडकतात.

आणि कायदा कुठला? हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. तो बौद्ध, जैन आणि शीख लग्नांनाही लागू आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "आमचं लग्न बौद्ध पद्धतीने झालं, मग आम्हाला कुठला कायदा?" हा प्रश्न इथे नेहमीचा. रजिस्टर लग्न केलेल्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा. मुस्लिम आणि ख्रिस्ती विवाहांचे नियम वेगळे आहेत. पुढचं विवेचन मुख्यतः पहिल्या कायद्याला धरून आहे.

लढायचं म्हणजे सिद्ध करायचं

"आमचं जमत नाही" हे कारण कुटुंब न्यायालयात चालत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण कायद्यात ते कारणच नाही. एकाला घटस्फोट हवा आणि दुसऱ्याला नको, अशा वेळी कलम १३ मधलं एखादं कारण दाखवावं लागतं: क्रूरता, व्यभिचार, निदान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मानसिक आजार वगैरे. लग्न पार मोडकळीला आलंय एवढ्याच आधारावर ते संपवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाला आहे, घटनेच्या कलम १४२ खाली. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ते स्पष्ट केलं. पण तो अधिकार खालच्या कोर्टांकडे नाही, आणि त्यासाठी थेट दिल्ली गाठताही येत नाही.

लढाई कडू होते ती इथून. वकील मुद्दाम आगीत तेल ओततात असं लोक म्हणतात, आणि काही ओततातही. पण मूळ कारण कायद्याच्या मांडणीतच आहे. घटस्फोट हवा असेल तर समोरचा दोषी आहे हे लिहावं लागतं, मग त्याचा पुरावा द्यावा लागतो. साधी कुरबुर क्रूरता ठरत नाही, म्हणून अर्जातलं प्रत्येक वाक्य जरा जास्त धारदार होतं. समोरचा लेखी जबाबात त्याहून धारदार लिहितो. आठ वर्षांच्या संसारातला एखादा बरा दिवस कुठल्याच कागदावर येत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज छापून, प्रमाणपत्र जोडून दाखल होतात. नवरा-बायकोतलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषणही अशा खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असा निकाल सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये दिला. तेव्हापासून "सगळं रेकॉर्ड करून ठेव" हा तिसरा सल्लाही फुकट मिळू लागला आहे.

खटल्याचा प्रवास असा: अर्ज, समन्स, लेखी जबाब, समुपदेशकाकडे पाठवणी, अंतरिम पोटगीचा (म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा) अर्ज, मुलाच्या ताब्याचा अर्ज, मुद्दे काढणं, पुराव्याचं शपथपत्र, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल. कायदा सांगतो की समन्स बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात एकट्या अंतरिम पोटगीच्या अर्जाला त्याहून जास्त वेळ लागलेला दिसतो. निकालानंतर अपील उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, दोन न्यायमूर्तींपुढे. हरलेल्या बाजूला अपील करावंसं वाटतंच.

मग कोर्टात लढायचंच नाही का? लढायचं, आणि कधी कधी ताबडतोब लढायचं. त्याकडे पुढे येतो.

म्यूच्युअल: सोपं, पण एक फट आहे

दोघांनाही वेगळं व्हायचं असेल तर कलम १३ ब. १९७६ साली हे कलम कायद्यात आलं. लोक सरळ "म्यूच्युअल" म्हणतात. अट अशी की अर्जाआधी किमान एक वर्ष दोघं वेगळे राहत असावेत. "वेगळे" म्हणजे वेगळ्या घरात असंच नाही, एका छताखाली राहूनही नवरा-बायको म्हणून राहत नसतील तरी चालतं. गृहकर्जाच्या हप्त्यामुळे दुसरं घर भाड्याने घेणं परवडत नाही, म्हणून एक हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये, अशी जोडपी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना हे माहीत असावं.

पहिला अर्ज दिल्यावर सहा महिने थांबायचं, मग दुसऱ्यांदा जाऊन "आमचा विचार तोच आहे" असं सांगायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ साली सांगितलं, पण मागितले की मिळाले असं नाही. दोघं वेगळे राहून दीड वर्ष झालेलं असावं, समेटाचे सगळे प्रयत्न फसलेले असावेत, आणि पोटगी, मुलाचा ताबा वगैरे सगळं मिटलेलं असावं. शेवटची अट वाचली की लक्षात येतं, ज्यांच्या अटी आधीच पक्क्या झाल्या त्यांनाच ही सवलत. अटी पक्क्या करण्याची जागा म्हणजे मध्यस्थी.

फट अशी की हुकूमनामा निघेपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. १९९१ पासून सुप्रीम कोर्टाची हीच भूमिका आहे. पहिल्या अर्जाच्या दिवशीच सगळे पैसे देऊन बसलेला नवरा दुसऱ्या वेळी एकटाच कोर्टात उभा राहतो, किंवा पैसे मिळण्याआधीच सगळ्या केसेस मागे घेतलेली बायको हात चोळत बसते. जाणते वकील म्हणून रकमेचे टप्पे पाडतात: एक भाग पहिल्या अर्जाला, एक दुसऱ्याला, आणि छळाचा गुन्हा दाखल असेल तर शेवटचा भाग तो गुन्हा रद्द होईल त्या दिवशी. डीडी काढून वकिलाच्या फायलीत ठेवलेला असतो, न्यायाधीशापुढे दाखवतात आणि तिथेच हातात देतात. विश्वास नसलेल्या माणसांमध्ये व्यवहार करायची ही बरी रीत आहे.

कोण कशासाठी बसतं

मध्यस्थी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नातेवाइकांची बैठक येते. दोन्हीकडची दहा-दहा माणसं, सतरंज्या, चहा, आणि शेवटी "पोरीला थोडं समजावून घ्या, पोराला आम्ही समजावतो." ती मध्यस्थी नव्हे. तिथे ठरलेलं कुणावर बंधनकारक नसतं, आणि मुलीकडच्यांचा आवाज बहुधा आपोआपच खाली असतो. जातपंचायत दंड लावू लागली किंवा वाळीत टाकायच्या गोष्टी करू लागली, तर महाराष्ट्रात तो २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

नागपूर पोलिसांचा भरोसा सेल ही दुसरी जागा. तक्रार घेऊन गेलं की तिथे समुपदेशन होतं, पुढची मदत कुठे मिळेल ते कळतं. मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही. मात्र मालमत्तेची वाटणी बसवायची ती जागा नाही.

तिसरी जागा म्हणजे कुटुंब न्यायालयातले विवाह समुपदेशक. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने न्यायालयावरच जबाबदारी टाकली आहे की आधी समेटाचा प्रयत्न करा, म्हणून केस दाखल झाली की बहुधा आधी त्यांच्याकडे जावं लागतं. समुपदेशक पाहतात ते संसार वाचतो का हे, आणि नसेल वाचत तर निदान मुलाच्या बाबतीत काही ठरतं का हे. तिथे बोललेलं गोपनीय राहतं.

आणि मध्यस्थ. जिल्हा न्यायालयात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठात मध्यस्थीची सोय असते, खाजगी मध्यस्थही असतात. मध्यस्थ बहुतेक वेळा अनुभवी वकील किंवा निवृत्त न्यायाधीश. न्यायालयाच्या यादीवरच्या मध्यस्थांना ४० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्याचं काम तुम्हाला परत नांदायला पाठवणं हे नाही, आणि कोण बरोबर हे सांगणंही नाही. न्यायालयामार्फत पाठवलेल्या मध्यस्थीला पक्षकारांना फी पडत नाही. तिथे बोललेलं पुढे कोर्टात वापरता येत नाही, आणि २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात बैठकीचं रेकॉर्डिंग करायला मनाई आहे. काही जमलं नाही तर न्यायाधीशाकडे जाणारा अहवाल एका ओळीचा असतो: तडजोड झाली नाही. कुणामुळे झाली नाही, ते त्यात येत नाही.

लोक अदालत ही आणखी एक वेगळी गोष्ट. तिथे पोटगीचे वाद मिटतात आणि त्या निवाड्यावर अपील नाही, पण घटस्फोटाचा प्रश्न राष्ट्रीय लोक अदालतीच्या यादीत धरलेला नसतो. "येत्या लोक अदालतीत घटस्फोट करून देतो" असं कुणी म्हणालं तर जरा थांबावं.

बंद दाराआड काय होतं

समजा, बायको मानेवाड्याकडच्या शाळेत शिक्षिका. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात सुपरवायझर. बेसाला दोघांच्या नावावर टू बीएचके, त्यावर गृहकर्ज. मुलगा तिसरीत. तिने पोलिसांत छळाची तक्रार केली आहे, त्यात सासू-सासरेही आरोपी. दोन वर्षं दोघं वेगळे राहताहेत.

पहिल्या बैठकीत दोघं समोरासमोर. ती म्हणते पंचवीस लाख. तो म्हणतो पाच, तेही हप्त्याने. पाच मिनिटांत आवाज चढतात, वकील घड्याळाकडे पाहतात. मध्यस्थ एकाला बाहेर बसवतो आणि दुसऱ्याशी एकट्याने बोलतो. तिला विचारतो, "पंचवीसच का? कशाचा हिशोब धरलाय?" हळूहळू निघतं की हिशोब घराचा आहे. मुलाची शाळा तिथून जवळ, आई-वडिलांचं घर लहान, आणि घटस्फोटितेला घर भाड्याने देताना घरमालक दहा प्रश्न विचारतात. तिला खरं म्हणजे छप्पर हवंय. मग त्याला आत बोलावतो. त्याचं दुखणं निराळंच. पैसे दिल्यावरही ती पुन्हा मागायला येईल, आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना जामिनाच्या अटींसाठी पोलिस ठाण्यात हजेरी लावावी लागते आहे, ते कधी थांबेल याचा पत्ता नाही.

आता आकडा बाजूला पडतो. घर तिच्या नावावर, उरलेलं कर्ज कुणी किती फेडायचं त्याचं कोष्टक, मुलाच्या शिक्षणाची रक्कम दरमहा वेगळी, तिची स्वतःसाठीची पोटगी एकरकमी थोडी, आणि गुन्हा रद्द करायला तिची लेखी संमती. खटला शेवटपर्यंत चालवून हे सगळं एका निकालात मिळालं नसतं. न्यायाधीश पोटगीचा आकडा ठरवतील, मुलाचा ताबा ठरवतील. पण आपल्या कायद्यात नवऱ्याच्या मालमत्तेतला अर्धा वाटा बायकोला आपोआप मिळत नाही. तिचं स्त्रीधन तिचं, लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल कलम २७ खाली आदेश होऊ शकतो, आणि पोटगी. कर्जाच्या घराचं असं गणित कोर्टाबाहेरच सुटतं.

इथे दोन खाचखळगे आहेत. बँक तुमच्या समझोत्याला बांधलेली नसते. कर्ज दोघांच्या नावावर असेल तर कागदावर काहीही लिहा, हप्ता थकला की बँक दोघांच्याही मागे लागणार. म्हणून सही करण्याआधी बँकेत जाऊन विचारायचं, एकीच्या पगारावर कर्ज बदलून मिळतं का. दुसरं, राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. ती सवलत नात्यावर आहे. हुकूमनामा झाला की ते नातं संपलं. घराचा कागद आधी की घटस्फोट आधी, हा क्रम वकिलाबरोबर बसून ठरवायचा.

छळाच्या गुन्ह्याचं वेगळंच. जुन्या दंड संहितेचं ४९८ अ, १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचं ८५. हा गुन्हा आपल्याकडे तक्रारदाराने "मागे घेतला" म्हणून संपत नाही. दोघांनी मिळून नागपूर खंडपीठात अर्ज करायचा, तिने संमतीचं शपथपत्र द्यायचं, मग न्यायालय तो रद्द करतं. "घटस्फोट झाला की केस आपोआप मिटेल" असं समजून पुण्याला निघून गेलेल्याला पुढे वॉरंट निघाल्यावरच खरं काय ते कळतं.

आधी कागद, मग बोलणी

मध्यस्थीची सगळ्यात मोठी दुबळी बाजू ही की मध्यस्थ कुणालाही कागद दाखवायला भाग पाडू शकत नाही. नवऱ्याची कमाई किती, धंदा कुणाच्या नावावर, वर्धा रोडचा प्लॉट अचानक भावाच्या नावावर कसा गेला, हे एकालाच माहीत असेल तर होणारी बोलणी म्हणजे आंधळी कोशिंबीर.

इथे कोर्ट कामी येतं, आणि त्याची गोष्ट नागपूरचीच आहे. इथल्या कुटुंब न्यायालयात एका महिलेने २०१३ साली स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी पोटगी मागितली. अंतरिम आदेश व्हायला २०१५ उजाडलं. नवरा खंडपीठात गेला, तिथे हरला, मग सुप्रीम कोर्टात. नोव्हेंबर २०२० मध्ये निकाल लागला. एका अंतरिम पोटगीसाठी सात वर्षं गेली हे पाहून सुप्रीम कोर्टाने देशभरासाठी नियम घालून दिले: पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र द्यायचं, ठरलेल्या नमुन्यात. पोटगी द्यायची ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. शपथपत्रात खोटं लिहिलं तर कारवाई. आज देशातल्या कुठल्याही कुटुंब न्यायालयात नवऱ्याला पगारपत्रक, बँक खाती, गाड्या, विमा हे सगळं लिहून द्यावं लागतं, त्याचं मूळ आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये.

म्हणून ज्या बाजूकडे माहिती कमी आहे, तिने आधी अंतरिम पोटगीचा अर्ज टाकावा, समोरच्याचं शपथपत्र हातात येऊ द्यावं, आणि मग मध्यस्थीला बसावं. अर्ज टाकला म्हणजे युद्ध पुकारलं असं नाही. केस चालू असताना कुठल्याही पेशीला न्यायाधीशांना सांगता येतं की आम्हाला मध्यस्थीकडे पाठवा. दोन्ही गोष्टी एकत्र चालवल्याने केस बिघडत नाही, उलट कधी कधी त्यामुळेच सुटते.

काही प्रसंगांत मात्र मध्यस्थीचं नाव आधी काढूच नये. मारहाण चालू आहे. मुलाला शाळेतून परस्पर उचलून नेलंय. घर विकायच्या हालचाली सुरू आहेत. दागिने लॉकरमधून हलवले जाताहेत. अशा वेळी लागतो तो आदेश, तोही या आठवड्यात: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा, मुलाच्या ताब्याचा, विक्रीला मनाईचा. आणि भीती. समोरचा खोलीत आल्यावर जिची मान खाली जाते, तिने त्याच्याशी "चर्चा" करून मिळवलेल्या अटींना काय किंमत? चांगला मध्यस्थ हे ओळखतो आणि बैठक थांबवतो, पण प्रत्येक मध्यस्थ ओळखेलच असं धरून चालू नये.

वेळ काढण्यासाठी मध्यस्थी मागणारेही असतात. तीन बैठका ठरतात, दोनदा तब्येत बिघडते, तिसऱ्यांदा "घरच्यांना विचारून सांगतो." त्याला उपाय सोपा: मध्यस्थी चालू असतानाही अंतरिम पोटगीच्या अर्जावर सुनावणी सुरू ठेवा असं कोर्टाला सांगायचं. खिशातून दरमहा पैसे जायला लागले की तब्येती सुधारतात.

अटी लिहिताना

मध्यस्थी यशस्वी झाली की "कन्सेंट टर्म्स" लिहिल्या जातात. तोपर्यंत सगळे थकलेले असतात, आणि चुका इथेच होतात. "वडील मुलाला सोयीनुसार भेटतील" हे वाक्य मी बघितलं की मला पुढची तीन भांडणं दिसतात. कुणाच्या सोयीनुसार? बरं वाक्य असं असतं: पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आईच्या घराच्या खालून न्यायचं आणि तिथेच सोडायचं, मूल आजारी असेल तर आदल्या दिवशी कळवायचं आणि पुढच्या रविवारी ती भेट भरून द्यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीतले पहिले पंधरा दिवस वडिलांकडे. दिवाळी एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे.

आणि तान्हा पोळा. हसू नका. लाकडी बैल सजवून गल्लीत घेऊन जायचा तो एक दिवस, आजोबांनी बनवून घेतलेला बैल आजोबांच्याच घरी, आणि मूल आईकडे. नागपुरातल्या घटस्फोटाच्या कागदात तो दिवस कुणाकडे, हे लिहिलेलं असावं. बाहेरगावच्या नमुन्यावरून उतरवलेल्या मसुद्यात ते कधीच नसतं.

मुलाच्या पोटगीबद्दल एक. "आता मुलासाठी पुढे काहीही मागणार नाही" असं आईने लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने संपत नाही, तो हक्क मुलाचा आहे. ते वाक्य घालून घेऊन कुणी निश्चिंत होऊ नये. त्यापेक्षा रक्कम दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल, दहावीनंतरच्या शिक्षणाचा खर्च कोण करेल, आरोग्य विमा कुणाच्या पॉलिसीत, हे लिहिलेलं बरं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहतं असं कायदाच सांगतो, पण ताब्याच्या अटी परिस्थिती बदलली की कोर्टाकडून बदलून मिळतात. पैशाच्या अटी तशा सहज बदलत नाहीत. सही करण्याआधी एक रात्र मसुदा घरी नेऊन वाचावा. "आजच करून टाका, सगळे हजर आहेत" असा आग्रह झाला तरी.

वकील लागतो का? मध्यस्थीला लागतोच असं नाही. कुटुंब न्यायालयाच्या कायद्यातही वकील हा पक्षकाराचा हक्क धरलेला नाही, न्यायालय परवानगी देतं आणि सहसा देतंच. पण मसुदा सही करण्याआधी तुमच्या स्वतःच्या वकिलाने वाचलेला असावा. "दोघांचा मिळून एकच वकील करू, खर्च वाचेल" हे म्यूच्युअलमध्ये सर्रास चालतं, आणि अटी खरोखर पक्क्या असतील तर चालूनही जातं. नसतील तर तो वकील ज्याने फी दिली त्याचा.

खर्च परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, हेल्पलाइन १५१००. कुठलीही महिला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, तिथून मोफत वकील मागू शकते. हे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही तोच हक्क आहे, आणि बाकीच्या पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या उत्पन्नापर्यंत. पोटगी आणि घटस्फोटाच्या खटल्यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. बायको माहेरी नागपूरला आणि नवरा पुण्यात किंवा बंगळुरूला असेल तर ती ज्या गावी राहते तिथेच अर्ज टाकू शकते. ही तरतूद २००३ पासून आहे.

हुकूमनामा झाला की नक्कल अर्ज करून दोन-तीन प्रमाणित प्रती काढून ठेवाव्या. पासपोर्ट, शाळा, बँक, सगळीकडे तीच मागतात. झेरॉक्स चालत नाही. लढून मिळालेल्या निकालानंतर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करता येत नाही. ठरलेली रक्कम समोरच्याने दिली नाही तर नव्याने केस करायची गरज नाही. त्याच हुकूमनाम्यावर दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची. आणि पीएफ, विमा, बँक खातं, डीमॅट, सगळ्यांवरचं नॉमिनेशन त्याच आठवड्यात बदलून घ्यायचं, कारण घटस्फोट झाला हे त्या कार्यालयांना कुणी कळवत नाही.